जुन्या पिकअपचा ब्रेक धरतोय? दाब कुठे अडकलाय ते आधी शोधा

गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये टाकली तरी सुटत नाही, ॲव्हरेज पडलंय, घाट चढून आल्यावर एका चाकापाशी जळका वास येतो. गॅरेजमध्ये नेली की ड्रमचा ॲडजस्टर चार दाते मागे घेतात, लायनरवरून (ड्रमला आतून घासून ब्रेक लावणाऱ्या पट्टीवरून) पॉलिश पेपर फिरवतात आणि गाडी परत देतात. आठवडाभरात पुन्हा तेच. ॲडजस्टर सैल केल्याने लायनर ड्रमपासून लांब जातो, त्यामुळे धरणं तात्पुरतं थांबतं. पण लायनर मागे का येत नव्हता, हा प्रश्न तसाच राहतो. वर पेडल खोल जायला लागतं ते वेगळंच.

पुढची सगळी पद्धत बोलेरो पिकअप किंवा टाटा २०७ सारख्या जुन्या डिझेल गाड्या समोर ठेवून लिहिली आहे: पुढे डिस्क, मागे ड्रम, व्हॅक्यूम बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा), दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलवर दाब देणारा), एबीएस नाही. अशा गाडीचा ब्रेक दोनच प्रकारे अडकतो. एक तर पेडल सोडल्यावरही पाइपात दाब शिल्लक राहतो. नाही तर दाब गेलेला असतो, पण चाकापाशी काही तरी गंजून, सुजून किंवा झिजून अडकलेलं असतं. कोणताही पार्ट विकत घेण्याआधी या दोनांतलं काय, ते ठरवायचं. त्याला लागतं काय? जॅक, दोन मजबूत स्टँड, निप्पलच्या (चाकापाशी तेल आणि हवा बाहेर काढायच्या छोट्या स्क्रूच्या) मापाचा रिंग पाना, पारदर्शक नळी आणि एक बाटली.

आधी खात्री: ब्रेकच धरतोय ना?

टायरमध्ये हवा कमी असणं, क्लच नीट न सुटणं, व्हील बेअरिंग जास्त घट्ट आवळलेली असणं, या तिन्हींमुळे गाडी अशीच जड चालते. हवा आधी तपासा. बेअरिंगचा दोष असेल तर वेग वाढेल तसा घुरघुर आवाज वाढतो आणि उष्णता हबच्या मध्यभागी जास्त असते. ब्रेकचा दोष असेल तर ती डिस्कवर किंवा ड्रमच्या काठावर असते.

गाडी ८-१० किलोमीटर नेहमीसारखी चालवा, मधूनमधून ब्रेक लावा. शेवटचा टप्पा मात्र ब्रेक न लावता पार करा आणि गाडी गिअरवर कमी करत सपाट जागी थांबवा. लगेच चारही चाकांचं तापमान बघा. बंदुकीसारखा इन्फ्रारेड तापमापक आता स्वस्तात मिळतो, पण तो चकचकीत डिस्कवर धरला तर आकडा चुकीचा, कमी येतो. दोन्ही बाजूंना एकाच जागी, म्हणजे कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) अंगावर किंवा ड्रमच्या गंजलेल्या कडेवर धरा. तुलना डाव्याची उजव्याशीच करायची. पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असणं स्वाभाविक आहे. एकाच ॲक्सलच्या दोन चाकांत ३०-४० अंशांचा फरक असेल तर गरम चाकावर शंका घ्यायला हरकत नाही. तापमापक नसेल तर बोटांनी पाण्याचे दोन थेंब ड्रमवर उडवा. चर्रर्र झालं की समजा. हात लावून बघू नका, आणि तापलेल्या ड्रमवर बादली तर अजिबात ओतू नका, बीड तडकतं.

आता चाक उचला. जॅकवर भरवसा ठेवायचा नाही, स्टँड लावायचे. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा लाकडी ठोकळे लावायचे, कारण पुढच्या काही चाचण्यांत हँडब्रेक सोडावा लागेल आणि गाडी न्यूट्रलमध्ये असेल. मग चाक हाताने फिरवून बघा. पुढच्या चाकाला पॅडची हलकी खरखर असतेच, तिला दोष म्हणत नाहीत. एका फेरीत एकाच जागी घासत असेल तर डिस्क वाकडी आहे किंवा ड्रम अंडाकृती झालाय. तो वेगळा आजार. सबंध फेरीत सारखंच जड असेल तरच पुढे जा.

किती चाकं धरतात यावरून अंदाज

चारही धरत असतील तर चाकांकडे बघूच नका. दोष पेडल, बूस्टर किंवा मास्टर सिलिंडरमध्ये. फक्त एक पुढचं चाक असेल तर त्याचा कॅलिपर किंवा त्याचा रबरी होज पाइप. फक्त एक मागचं असेल तर ड्रमच्या आतलं काही तरी किंवा त्या बाजूची हँडब्रेक केबल. दोन्ही मागची धरत असतील तर बरेच जण दोन्ही ड्रम उघडून बसतात. पण अशा बहुतेक गाड्यांत चॅसीवरून मागच्या ॲक्सलवर उतरणारा होज पाइप एकच असतो, तो दोन्ही चाकांना तेल देतो. तो आतून बंद झाला की दोन्ही चाकं एकदम धरतात.

निप्पलची चाचणी

सगळ्या तपासणीचा कणा हाच आहे. अट एक: चाक धरलेलं असतानाच करायची. गाडी रात्रभर उभी राहून थंड झाली की दोष लपतो आणि चाचणी खोटं बोलते.

निप्पलभोवतीची माती वायर ब्रशने काढा, गंज सोडवणारं तेल मारून थोडा वेळ थांबा. दोन तोंडी पाना वापरला तर षटकोन गोल होतो, म्हणून रिंग पानाच. नळी निप्पलवर चढवून दुसरं टोक बाटलीत सोडा, डोळ्यांना चष्मा लावा आणि निप्पल अर्धा फेरा उघडा.

तेल पिचकारीसारखं उडालं आणि चाक लगेच मोकळं झालं, तर दाब अडकला होता. कॅलिपर निर्दोष आहे, वरच्या बाजूला शोधा. तेल नुसतं ठिबकलं आणि चाक तसंच जड राहिलं, तर दोष त्या चाकातच आहे. निप्पल लगेच बंद करा.

दाब अडकलेला निघाला तर गाडी पुन्हा चालवून दोष परत आणा आणि आता मास्टर सिलिंडरकडून सुरुवात करा, इंजिन बंद ठेवून:

१. मास्टर सिलिंडर बूस्टरला जोडणारे दोन नट ३-४ मिलिमीटर सैल करून सिलिंडर पुढे ओढा. चाकं सुटली तर बूस्टरचा पुशरॉड मास्टरच्या पिस्टनला दाबून धरतोय.

२. तरीही धरलेली असतील तर नट परत आवळून मास्टरवरचं त्या सर्किटच्या पाइपचं नट पाव फेरा सोडा. खाली फडकं ठेवा, ब्रेक ऑइल रंग खातं. चाकं सुटली तर मास्टर सिलिंडर आतून अडकलाय.

३. इथेही सुटली नाहीत, पण चाकाच्या निप्पलवर सुटतात, तर दोष मधल्या वाटेत आहे: होज पाइप, किंवा दगड लागून चेपलेला लोखंडी पाइप.

ज्या जागी नट सोडलं तिथून हवा शिरलेली असते. चाचणी संपली की ब्लीडिंग, म्हणजे पाइपातली हवा काढणं, करायचंच.

पेडल, बूस्टर, मास्टर सिलिंडर

मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन पूर्ण मागे आला की त्याच्या सीलपुढे एक बारीक छिद्र उघडं पडतं. चाकाकडचं तेल गरम होऊन फुगतं, ते या छिद्रातून ब्रेक ऑइलच्या टाकीत परत जातं. पिस्टन मिलिमीटरभर जरी पुढे राहिला तरी छिद्र झाकलं जातं. मग पहिल्या किलोमीटरला सगळं ठीक वाटतं, तेल तापतं, फुगतं, वाट नसल्याने पॅड दाबतं, त्याने आणखी तापतं. पेडल हळूहळू वर येत जातं आणि दगडासारखं होतं. अर्धा तास उभी केली की गाडी सुटते. अशी खूण दिसली की नव्वद टक्के काम झालं. कॅलिपर खोलायची गरज नाही.

पिस्टन मागे का येत नाही, याची कारणं स्वस्तापासून महागाकडे तपासा. पेडलखाली घडी झालेलं मॅट. पेडलचा कोरडा, गंजलेला बुश. पेडल हाताने वर उचलून बघा, स्वतःहून पूर्ण परत आलं पाहिजे. ब्रेक लाइटचा स्विच: तो नको इतका पुढे बसवला तर पेडललाच दाबून ठेवतो, आणि हे कारण आश्चर्य वाटेल इतक्या वेळा निघतं. इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा मारून व्हॅक्यूम संपवा आणि मग बोटाने दाबून बघा. जड लागण्याआधी काही मिलिमीटरची मोकळी चाल असायलाच हवी. नेमकं माप गाडीच्या पुस्तिकेत असतं. चाल शून्य असेल तर स्विच आणि पेडलचा रॉड आधी.

छिद्र उघडं आहे का, हे टाकीचं झाकण काढून कळतं. मदतनीसाला पेडल अगदी थोडं, हळू दाबायला सांगा. दाबाच्या पहिल्याच क्षणी टाकीतल्या तेलात छोटीशी उसळी दिसली पाहिजे, दोन्ही कप्प्यांत. चेहरा टाकीवर नेऊ नका. उसळी दिसलीच नाही तर छिद्र झाकलेलं आहे किंवा गाळाने बुजलंय.

बूस्टर किंवा मास्टर बदलल्यानंतर लगेच ब्रेक धरायला लागला असेल तर पुशरॉडचं माप चुकलंय. मास्टरच्या पिस्टनच्या खळगीत मुलांच्या खेळण्यातला मऊ क्लेचा गोळा ठेवून सिलिंडर बसवा, आवळा, परत काढा. दबलेल्या क्लेची उरलेली जाडी म्हणजे मधली फट. ती असली पाहिजे, पण मिलिमीटरच्या आत. अजिबात नसेल तर रॉडच्या टोकाचा स्क्रू आत घ्या. फार जास्त ठेवलीत तर पेडलची चाल वाया जाते.

बूस्टरच्या आतली झडप अडकली असेल तर ओळख सोपी आहे. पुढची दोन्ही चाकं उचला, व्हॅक्यूम संपवा, चाकं मोकळी फिरतात हे बघा. पेडलला हात न लावता इंजिन चालू करा. डिझेल इंजिनला व्हॅक्यूम पंप असतो, बहुतेकदा अल्टरनेटरच्या मागे. त्याने बूस्टर भरला की चाकं आपोआप जड झाली तर बूस्टर गेला. त्याची दुरुस्ती करत बसण्यापेक्षा बदललेला बरा.

होज पाइप

जुना रबरी पाइप बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून त्याचं अस्तर सुटून झडपेसारखं काम करतं. पायाचा जोर मोठा, म्हणून तेल जाताना जातं. परत यायला मात्र फक्त सीलची आणि स्प्रिंगची ओढ असते, ती कमी पडते. दुसरा प्रकार त्याहून फसवा: पाइप धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या क्लिपच्या आत गंज साठतो, फुगतो आणि पाइपाला बाहेरून आवळतो. क्लिप उघडून बघितल्याशिवाय तो दिसत नाही. दहा-बारा वर्षांचे मूळ पाइप असतील तर एक बदलण्यात अर्थ नाही, तिन्ही बदला. पॅड बदलताना कॅलिपर पाइपवर लोंबकळत सोडणं आणि तेल अडवायला पाइप पक्कडीने चिमटणं, या दोन सवयी नवा पाइपही मारतात.

पुढचा कॅलिपर

निप्पल उघडूनही चाक जड राहिलं तर कॅलिपर उतरवा. निप्पल उघडाच ठेवून, जुना पॅड मध्ये धरून सी-क्लॅम्पने पिस्टन आत ढकला. तो सरळ, एकसारखा आत गेला पाहिजे. अडखळत गेला तर पिस्टन किंवा त्याचं सील. पिस्टन मागे ओढायला इथे स्प्रिंग नसते. चौकोनी काटाचं रबरी सील ब्रेक लावताना पिळतं आणि सोडल्यावर मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे घेतं. सीलच्या खाचेत गंज साचला की सील पिस्टनला चिमटून बसतं. म्हणून नुसती रबर किट टाकून भागत नाही, खाच लाकडी किंवा प्लास्टिकच्या टोकाने कोरून स्वच्छ करावी लागते. पिस्टनवर खड्डे पडले असतील तर पिस्टन नवा. पॉलिश पेपरने खड्डे जात नाहीत, क्रोम मात्र जातं.

पिस्टन हवेच्या दाबाने काढताना तो गोळीसारखा सुटतो. समोर लाकूड ठेवा, हवा थोडी थोडी द्या, बोटं लांब. जोडताना सीलला ताजं ब्रेक ऑइल लावा.

पिस्टन ठीक असेल तर स्लाइड पिना बघा. त्या हाताने सरकल्या आणि फिरल्या पाहिजेत. पिनेवरचा रबरी बूट फाटला की पावसाळ्यातलं चिखलपाणी आत जातं आणि पिन गंजते. पिनांना सिलिकॉन ग्रीसच. चेसिसचं साधं ग्रीस रबर सुजवतं आणि दोन महिन्यांत पिन आधीपेक्षा घट्ट होते. एकाच कॅलिपरचे दोन पॅड कमी-जास्त झिजले असतील, किंवा एक पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल, तर पिना आणि पॅडचे कान जिथे बसतात ती जागा, दोन्ही तपासा. कानांखालचा गंज वायर ब्रशने काढला की पॅड बोटाने सरकायला हवा. पॅड हातोडीने बसवावा लागत असेल तर तो सुटणार कसा?

मागचे ड्रम आणि हँडब्रेक केबल

कोकणात मासळी वाहणाऱ्या पिकअपचा हा कायमचा आजार. बर्फाचं खारट पाणी हौद्यातून थेट मागच्या ॲक्सलवर, केबलवर आणि बॅकप्लेटवर (ड्रमच्या मागच्या पत्र्यावर) गळतं. वाळू वाहणाऱ्या आणि शेतातल्या चिखलातून जाणाऱ्या गाड्यांचंही तेच, फक्त गंजाऐवजी गाळ.

ड्रम उघडण्याआधी केबल सोडवून बघा. हँडब्रेक पूर्ण खाली, मग गाडीखाली जाऊन केबलचं समायोजनाचं नट सैल करा. चाक सुटलं तर केबल आवरणात गंजली आहे. तिच्यात तेल सोडून चार दिवस निघतात, त्यापलीकडे नाही, केबल बदला. फार दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीला पावसाळ्यात हँडब्रेक लावून ठेवू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळे लावा.

केबलने सुटलं नाही आणि निप्पलनेही नाही, तर ड्रम काढायचा. ड्रमच्या आतल्या काठावर झिजेची कड तयार झालेली असते, ती लायनरला अडते. बॅकप्लेटवरचं रबरी बूच काढून, असेल तर ऑटो ॲडजस्टरची पट्टी बारीक स्क्रू ड्रायव्हरने उचलून, ॲडजस्टरचं दातेरी चाक मागे घ्या. ड्रमवर बोल्टसाठी आटे असलेली दोन भोकं असतील तर त्यांत बोल्ट सारखे आवळत ड्रम बाहेर ढकला. हातोडीने कडा ठोकू नका. आतली धूळ हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून मास्क लावायचा आणि ब्रेक क्लीनरने ओलं करूनच पुसायचं.

आता या क्रमाने बघा. व्हील सिलिंडरचे बूट उचका; आत ओलं असेल तर सिलिंडर गळतोय, कोरडा गंज असेल तर पिस्टन अडकतोय. रिटर्न स्प्रिंग: वेढे एकमेकांना चिकटलेले हवेत, मधे फटी दिसल्या तर स्प्रिंग ताणून संपली. हँडब्रेकची आतली लिव्हर आणि तिची पिन हाताने हलली पाहिजे. शेवटी, सगळ्यात दुर्लक्षित जागा: बॅकप्लेटवर लायनरची पट्टी जिथे टेकून सरकते ते उंचवटे. वर्षानुवर्षं घासून तिथे खाचा पडतात, पट्टी खाचेत अडकते आणि नव्या स्प्रिंगलाही ती ओढता येत नाही. खाच उथळ असेल तर कानशीने सपाट करा. खोल असेल तर वेल्डने भरून घासा किंवा प्लेट बदला. उंचवट्यांवर उष्णता सहन करणारं ग्रीस नखाएवढंच, जास्त लावलं तर लायनरवर जाईल.

लायनर ॲक्सलच्या तेलाने भिजलेला असेल तर तो धुऊन किंवा जाळून परत वापरू नका. ऑइल सील बदला आणि लायनर दोन्ही बाजूंचे नवे टाका. ड्रमवर कोरलेलं कमाल व्यासाचं माप ओलांडलं असेल तर लेथवर नेण्यात पैसे घालवू नका.

टाकीत चुकीचं तेल

टाकीच्या झाकणातलं रबर सुजून वेडंवाकडं झालंय आणि चारही चाकं धरतात, असं असेल तर कुणी तरी ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं तेल किंवा हाताला आलं ते ओतलंय. टाकीतलं थोडं तेल काचेच्या ग्लासात घेऊन तेवढंच पाणी घाला. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं. वर तवंग तरंगला तर खनिज तेल आहे. मग अर्धवट उपाय नाही: मास्टरची किट, कॅलिपरची सीलं, व्हील सिलिंडरचे कप, होज पाइप, झाकणाचं रबर, सगळं बदला आणि लोखंडी पाइप ब्रेक क्लीनरने धुऊन काढा. सुटे भाग पेट्रोल-डिझेलने धुण्याची सवय असेल तर तीही इथेच मोडा.

रस्त्यात धरला तर

कसारा किंवा वरंध घाटात माल भरलेला असताना चाकातून धूर निघाला तर बाजूला घ्या, गिअरमध्ये ठेवा, दगड लावा. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढू नका. निवल्यावर पेडल तपासा. ते मऊ लागलं तर तेल उकळून पाइपात वाफ झालेली आहे, गाडी हलवू नका. पाणी न मुरलेलं डॉट ३ तेल २०५ अंशांना उकळतं, पण तेल हवेतला ओलावा ओढत राहतं आणि उकळबिंदू १४० पर्यंत येतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. दोन वर्षांनी तेल बदलायला सांगतात ते यासाठी.

पेडल कडक असेल आणि दाब अडकला असेल तर त्या चाकाचं निप्पल क्षणभर उघडून बंद केल्यावर गाडी सुटते. टाकीतली पातळी बघा, पेडल पुन्हा तपासा, माल उतरवून जवळच्या गॅरेजपर्यंत हळू न्या. एका चाकाचा पाइप ठोकून कायमचा बंद करण्याचा जुगाड मात्र करू देऊ नका. पुढच्या चाकाच्या बाबतीत गाडी ब्रेक लावताच एका बाजूला फेकली जाते.

हवा काढणं आणि शेवटची तपासणी

टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचंच, सीलबंद डब्यातलं तेल घ्या; पूर्ण बदलायला १ लिटर हाताशी ठेवा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते या गाडीत चालत नाही. आपल्याकडे मास्टर सिलिंडर उजवीकडे असतो, म्हणून क्रम सर्वांत लांबून: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मागच्या ॲक्सलला दांड्याने जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असेल तर ॲक्सल हवेत लोंबकळत ठेवून हवा काढू नका. रिकाम्या गाडीची स्थिती समजून व्हॉल्व्ह मागचा दाब कमी करतो आणि हवा आत राहते. चाकं जमिनीवर टेकलेली असू द्या. तो दांडा गंजून अडकला नाही ना, हेही याच वेळी हलवून बघा.

खूप तापलेल्या चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस पातळ होऊन वाहून गेलेलं असतं, ते नव्याने भरा. निळसर डाग आणि भेगा असलेला ड्रम किंवा डिस्क, काचेसारखे चकाकणारे पॅड, हे परत बसवू नका. ॲडजस्टर आता नीट लावा: लायनर ड्रमला हलका टेकेपर्यंत पुढे, मग चाक मोकळं फिरेपर्यंत मागे. हँडब्रेकची केबल त्यानंतरच ताणायची, आधी नाही.

मग रिकाम्या मैदानात कमी वेगात ब्रेक तपासून, तेच ८-१० किलोमीटर चालवून, चारही चाकांचं तापमान पुन्हा घ्या. माल भरण्याआधी दुसऱ्या दिवशी टाकीतली पातळी आणि सोडलेले सगळे नट एकदा बघा.